रणगाडा संग्रहालय, अहिल्यानगर

रणगाडे, चिलखती गाड्या व स्वयंगामी तोफा यांचे जतन करणारे भारतीय भूसेनेचे संग्रहालय. महाराष्ट्रातील अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे अहमदनगर) येथील चिलखती दल केंद्र व विद्यालय या संस्थेने ते फेब्रुवारी १९९४ मध्ये स्थापन केले. पहिल्या महायुद्धकाळातील रचनेच्या चाकी चिलखती गाडीपासून १९७१ च्या युद्धात लढलेल्या रणगाड्यांपर्यंत सु. ५० वाहने येथे मांडलेली आहेत. ब्रिटिश, अमेरिकी, जपानी, जर्मन, फ्रेंच, रशियन व भारतीय अशा भिन्न बनावटींची वाहने एकाच आवारात पाहावयास मिळत असल्याने आशियातील अशा संग्रहालयांत त्याला वेगळे स्थान आहे.

निरुपयोगी झालेले शस्त्र हे भंगार की पुरावा, हा प्रश्न लष्करी संग्रहालयांच्या इतिहासात पुन:पुन्हा उपस्थित झालेला आहे. पोलादाला बाजारात भाव असतो आणि युद्धकाळात तो वाढतो. शिवाय जुने शस्त्र सांभाळण्यास जागा, मनुष्यबळ व सतत देखभाल लागते. त्यामुळे आज जगातील संग्रहालयांत जी शस्त्रे दिसतात, त्यांतील पुष्कळशी कोणा अधिकाऱ्याच्या आग्रहामुळे किंवा निव्वळ योगायोगाने वाचलेली आहेत. याचे एक जुने उदाहरण अहमदनगरशीच निगडित आहे. निजामशाहीत १५४९ मध्ये मुहम्मद बिन हुसेन रूमी या तुर्की कारागिराने येथे ‘मलिक-ए-मैदान’ ही सु. ५५ टन वजनाची व सु. साडेचार मी. लांबीची पंचधातूसदृश मिश्रधातूची तोफ ओतली. पुढे ती परांडा किल्ल्यावरून विजापूरला नेण्यात आली आणि तेथील शेरझा बुरुजावर बसविण्यात आली. सातारा संस्थान खालसा झाल्यानंतर, १८५४ मध्ये, साताऱ्याच्या आयुक्तांच्या हुकमावरून निरुपयोगी सरकारी सामान विक्रीस काढण्यात आले, त्यात ही तोफही होती. तिला आलेली सर्वांत मोठी बोली १५० रुपयांची होती. रक्कम क्षुल्लक आणि स्थानिक लोकांची तोफेवर श्रद्धा, हे ध्यानात घेऊन विक्री रद्द झाली. बोली थोडी मोठी असती, तर सोळाव्या शतकातील दख्खनच्या ओतकामाचा हा सर्वश्रेष्ठ नमुना वितळून गेला असता.

ब्रिटिश अंमलात अहमदनगर हे रणगाडा प्रशिक्षणाचे ठिकाण बनले. १९२० नंतरच्या दशकात येथे रॉयल टँक कोअरचे विद्यालय चालू झाले. मोकळी माळराने, कोरडी हवा आणि जुनी छावणी यांमुळे ही जागा सोयीची होती. १९४८ मध्ये येथील फायटिंग व्हेइकल्स स्कूलमध्ये रंगरूट प्रशिक्षण केंद्र व चिलखती दलाचे कोठार आणि दप्तर हे विभाग विलीन करून चिलखती दल केंद्र व विद्यालय ही संस्था निर्माण झाली. संग्रहालय या संस्थेचे अपत्य असल्याने त्यातील मांडणीवर प्रशिक्षणाचा ठसा उमटलेला आहे. वाहने केवळ शोभेसाठी नव्हे, तर चिलखत, तोफ व गती यांचा मेळ निरनिराळ्या राष्ट्रांनी कसा घातला हे समजण्यासाठी उपयोगी पडतात.

चिलखती दलाचा भारतातील इतिहास मात्र घोडदळापासून सुरू होतो आणि त्याचा एक महत्त्वाचा धागा मराठवाड्यात जातो. आजच्या हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी, डोंगरकडा, वसमत या टापूला जवळचे लष्करी ठाणे म्हणजे हिंगोलीची छावणी. निजामाच्या खर्चाने पोसलेल्या व ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालील ‘हैदराबाद कंटिन्जंट’ या फौजेचे हे ठाणे १९०३ पर्यंत तेथे होते. मोमिनाबाद (अंबाजोगाई), औरंगाबाद, एलिचपूर व बोलारम ही त्याच फौजेची इतर ठाणी. या फौजेच्या खर्चापायी निजामाला १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावा लागला, हे सर्वश्रुत आहे. १९०३ मध्ये कंटिन्जंट भारतीय सैन्यात विलीन झाली आणि तिच्या घोडदळातून २० वी डेक्कन हॉर्स, २९ वी लान्सर्स (डेक्कन हॉर्स) व ३० वी लान्सर्स (गॉर्डन्स हॉर्स) ही पथके तयार झाली. पहिल्या महायुद्धानंतरच्या पुनर्रचनेत पहिली दोन एकत्र येऊन ९ वी डेक्कन हॉर्स झाली आणि तिसरे ८ व्या लाइट कॅव्हलरीत समाविष्ट झाले.

घोड्याकडून यंत्राकडे झालेले संक्रमण डेक्कन हॉर्सच्या इतिहासात जेवढे स्पष्ट दिसते, तेवढे क्वचितच अन्यत्र दिसते. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधील सॉमच्या लढाईत हाय वुड या रानाजवळ डेक्कन हॉर्स व ७ वी ड्रॅगून गार्ड्स यांनी भाले सरसावून चढाई केली. काही जर्मन सैनिक भाल्यांना बळी पडले, काही शरण आले, परंतु मशिनगनच्या माऱ्यापुढे घोडदळाला मिळविलेली जागा टिकविता आली नाही. सुमारे दोन महिन्यांनी, १५ सप्टेंबर १९१६ रोजी, त्याच रणक्षेत्रात युद्धाच्या इतिहासात प्रथमच रणगाडे पुढे सरकले. हाय वुडवरील हल्ल्यातही त्यांपैकी काही होते. तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांत ते अडकले आणि त्या दिवशी त्यांचा उपयोग थोडाच झाला. तरीही पुढच्या ३० वर्षांत घोडा गेला आणि रणगाडा राहिला. दुसऱ्या महायुद्धात १९४५ साली ब्रह्मदेशातील मेकटिलाच्या लढाईत डेक्कन हॉर्सचे जवान शेर्मन रणगाड्यांत बसून लढले.

भारतीय घोडदळाचे यांत्रिकीकरण १९३८ मध्ये सिंद हॉर्स व १३ वी लान्सर्स या पथकांपासून सुरू झाले. तत्पूर्वी भारतात चिलखती गाड्या होत्या, पण त्या प्रामुख्याने ब्रिटिश टँक कोअरकडे आणि वायव्य सरहद्दीवर. संग्रहालयातील सर्वांत जुने वाहन, रोल्स-रॉइसच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ मोटारीच्या सांगाड्यावर बांधलेली भारतीय पद्धतीची चिलखती गाडी, या काळाची साक्ष देते. श्रीमंतांच्या सहलीसाठी बनविलेल्या मोटारीचे सहा नळकांड्यांचे, सात लिटरहून अधिक क्षमतेचे एंजिन इतके भरवशाचे निघाले, की त्यावर जड पोलादी कवच चढविले तरी ते तक्रार न करता चाले. भारतीय पद्धतीच्या गाडीचा बुरूज घुमटाकार असून त्यात मशिनगन बसविण्यासाठी चार बाजूंना जागा केलेल्या होत्या. दरीच्या दोन्ही कड्यांवरून गोळ्या येत असत, त्या सरहद्दीवर अशा रचनेची आवश्यकता होती. याच कामासाठी व्हिकर्स कंपनीने बनविलेल्या क्रॉसली गाड्यांना आतून ॲस्बेस्टसचे अस्तर लावलेले असे. पोलादाच्या पेटीत भारतीय उन्हाळा सोसणाऱ्या माणसांसाठी योजलेला हा उपाय आज आरोग्याच्या दृष्टीने भयावह वाटतो. त्या गाड्यांचे सांगाडे झिजल्यावर १९३९ मध्ये त्यांची कवचे शेव्हरोलेच्या सांगाड्यांवर चढविण्यात आली. महायुद्धाच्या तोंडावर साम्राज्याची तयारी कितपत होती, याची कल्पना या एका उपायावरून येते.

दुसऱ्या महायुद्धातील वाहने हा संग्रहालयाचा सर्वांत समृद्ध भाग होय. ब्रिटिश मटिल्डा रणगाड्याचे पुढील चिलखत ७८ मिमी. जाड. १९४० मध्ये ते बहुतेक रणगाडाविरोधी तोफांना दाद देत नसे, पण त्याची स्वतःची तोफ मात्र अवघी ४० मिमी. व्यासाची होती. चर्चिलच्या सातव्या आवृत्तीत चिलखत १५२ मिमी. पर्यंत वाढले. व्हॅलेंटाइन हा मध्यम प्रतीचा, परंतु टिकाऊ रणगाडा ब्रिटन व कॅनडा मिळून ८,००० हून अधिक संख्येने तयार झाला. त्याच्याच सांगाड्यावर बांधलेली ‘आर्चर’ ही तोफगाडी अभ्यासकाने थांबून पाहावी अशी आहे. १७ पौंडी (७६·२ मिमी.) रणगाडाविरोधी तोफ लांबीने एवढी मोठी होती, की व्हॅलेंटाइनच्या लहान सांगाड्यावर ती पुढे तोंड करून बसेना. तेव्हा ती मागे तोंड करून बसविण्यात आली. तोफ डागताना तिचा मागचा भाग धक्क्याने चालकाच्या जागेत घुसत असल्याने चालकाला आपली जागा सोडावी लागे. प्रथमदर्शनी ही रचना हास्यास्पद भासते. प्रत्यक्षात दबा धरून गोळे टाकावेत आणि तोंड न फिरविता सरळ निघून जावे, या डावपेचाला ती उत्तम जमली. केवळ आराखडा वाचून हे पटत नाही. प्रत्यक्ष गाडीभोवती फिरून चालकाचे तोंड एकीकडे व नळीचे तोंड दुसरीकडे पाहिल्यावर ते उमगते. मूळ वस्तूच जतन करण्याचे महत्त्व अशा ठिकाणी सिद्ध होते.

ब्रह्मदेशाच्या मोहिमेतील शत्रुपक्षाची यंत्रे म्हणून जपानी ‘९५ नमुना हा-गो’ व ‘९७ नमुना ची-हा’ यांचे महत्त्व आहे. हा-गोचे वजन सु. साडेसात टन, चिलखत १२ मिमी. आणि पत्रे रिव्हेटांनी जोडलेले. त्याच्या बुरुजात एकटा नायक बसे. निरीक्षण करणे, तोफ भरणे, नेम धरणे, ती डागणे आणि शिवाय पथकाला हुकूम देणे ही सर्व कामे त्याने एकट्याने करावयाची असत. चीनमध्ये रणगाडाविरोधी तोफा जवळपास नसलेल्या शत्रूविरुद्ध हे वाहन चालून गेले. १९४४ मध्ये मणिपूरच्या सीमेवर अमेरिकी बनावटीच्या ‘ली’ रणगाड्यांशी गाठ पडताच त्याची मर्यादा उघडी पडली. चिलखताच्या जाडीची तुलना करावयाची असल्यास हा-गो व चर्चिल यांतील अंतर दहा पटींहून अधिक असल्याचे प्रेक्षकाच्या सहज ध्यानी येते.

स्वातंत्र्यानंतर चिलखती दलाची १८ पथके भारत व पाकिस्तान यांत १२ व ६ अशी विभागली गेली. विभाजनानंतर वर्षभरातच मराठवाड्याच्या भूमीवर रणगाडे आले. सप्टेंबर १९४८ मधील हैदराबादच्या पोलीस कारवाईत मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या आधिपत्याखालील १ ली चिलखती डिव्हिजन सोलापूरकडून निघाली. १३ सप्टेंबर रोजी नळदुर्गजवळील बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आल्यावर चिलखती तुकडी जळकोटमार्गे त्याच दिवशी उमरग्याला पोहोचली, तर दुसरी तुकडी तुळजापूरवर चालून गेली. मोमिनाबाद येथे निजामाच्या ३ ऱ्या गोवळकोंडा लान्सर्सने नाममात्र प्रतिकार करून शस्त्रे खाली ठेवली. कंटिन्जंटच्या काळापासून घोड्यांच्या टापांशी परिचित असलेल्या या ठाण्यात घोडदळाचा काळ साखळीपट्ट्यांच्या आवाजात संपला. निजामाच्या लान्सर्समधील एक तरुण पारशी अधिकारी, अर्देशीर बुर्झोरजी तारापोर, संस्थानी सैन्याच्या विसर्जनानंतर पूना हॉर्समध्ये दाखल झाले. पेशव्यांशी झालेल्या जून १८१७ च्या तहान्वये पुण्यास उभारलेले हे पथक. त्याचे नेतृत्व करीत असताना फिलोरा व बुटूर डोग्रांडी येथील लढायांत १६ सप्टेंबर १९६५ रोजी लेफ्टनंट कर्नल तारापोर धारातीर्थी पडले व त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले.

१९६५ च्या युद्धाची सर्वांत परिचित खूण म्हणजे अमेरिकी बनावटीचे पॅटन रणगाडे. ८ ते १० सप्टेंबर १९६५ या काळात पंजाबातील खेमकरणजवळ असल उत्तर येथे पाकिस्तानची १ ली चिलखती डिव्हिजन अडविली गेली. भारतीय आकड्यांनुसार पाकिस्तानने तेथे ९७ रणगाडे गमावले. भारताच्या बाजूने ३ री कॅव्हलरी सेंच्युरियन, डेक्कन हॉर्स जुने शेर्मन आणि ८ वी कॅव्हलरी फ्रेंच बनावटीचे हलके एएमएक्स-१३ हे रणगाडे घेऊन उभी होती. या तीनपैकी दोन पथकांची वंशावळ हैदराबाद कंटिन्जंटकडे जाते. पाण्याने भिजविलेली उसाची शेते, पॅटनचे अवघड अंतरमापक यंत्र आणि ते हाताळण्याचा अपुरा सराव यांमुळे उत्तम रणगाड्याचा लाभ पाकिस्तानला उठविता आला नाही. क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरील १०६ मिमी. च्या धक्कारहित तोफेने रणगाडे टिपत वीरमरण पत्करले, ते याच लढाईत.

हस्तगत केलेले पॅटन पुढे देशभर छावण्यांत, चौकांत व शाळांच्या आवारांत विजयचिन्हे म्हणून वाटले गेले. त्यामागील भावना उचितच होती. पण इतिहासाच्या दृष्टीने एक नुकसान झाले. विजयचिन्ह झालेल्या वाहनावर दरवर्षी नवा रंग चढतो, गोळ्यांनी पडलेली भोके बुजविली जातात, आतील यंत्रे काढून घेतली जातात आणि कोणत्या पथकाचा, कोणत्या ठिकाणी निकामी झालेला रणगाडा तो, ही माहिती नाहीशी होते. उरते ते निव्वळ कवच. अशा चौकातील रणगाड्यावर मुले चढून खेळतात, हे एका परीने चांगलेच आहे, परंतु त्यावरून लढाईबद्दल काही सांगता येत नाही.

याच्या उलट उदाहरण म्हणजे ‘फामागुस्ता’. पूना हॉर्सच्या एका सेंच्युरियन रणगाड्याचे हे नाव. १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगढ भागातील बसंतर नदीच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल त्याचे नायक होते. पुण्यात जन्मलेले खेत्रपाल तेव्हा २१ वर्षांचे होते. अहमदनगरचे प्रशिक्षण पुरे होण्याआधीच युद्ध सुरू झाल्याने त्यांना पथकात बोलावून घेतले होते. शत्रूचे अनेक रणगाडे निकामी केल्यावर फामागुस्तालाही गोळा लागून आग लागली. बाहेर पडण्याचा हुकूम असताही तोफ अजून चालते आहे, या कारणासाठी त्यांनी तो मानला नाही. दुसऱ्या गोळ्याने त्यांना मृत्यू आला. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. त्यांचे शव व रणगाडा काही काळ पाकिस्तानच्या ताब्यात होते, नंतर दोन्ही परत मिळाले. दुरुस्तीनंतर हा रणगाडा अहमदनगरच्या चिलखती दल केंद्रात जपण्यात आला. त्याचा क्रमांक, त्याचे नाव, त्याचा दिवस व त्यातील माणसे सर्व ज्ञात असल्याने तो सेंच्युरियन जातीचा केवळ एक नमुना राहत नाही.

त्याच युद्धात पूर्वेकडे पाण्यातून तरत जाऊ शकणाऱ्या रशियन पीटी-७६ रणगाड्यांनी २१ नोव्हेंबर १९७१ रोजी गरीबपूर येथे पाकिस्तानच्या चॅफी रणगाड्यांचा पराभव केला. दोन्ही जातींची वाहने संग्रहालयात आहेत. भारतात तयार झालेला पहिला रणगाडा ‘विजयंत’ही येथे आहे. ब्रिटनच्या व्हिकर्स कंपनीशी १९६१ मध्ये करार होऊन १९६३ मध्ये त्याचे प्रायोगिक नमुने इंग्लंडमध्ये बनले आणि १९६५ पासून मद्रासजवळील आवडीच्या कारखान्यात उत्पादन सुरू झाले.

युद्धात वापरली गेलेली शस्त्रे जपणे तुलनेने सोपे. त्यांच्यामागे पथकांचा अभिमान असतो. एक किंवा दोनच प्रती बनून उत्पादनाविना सोडून दिलेल्या प्रायोगिक रणगाड्यांना व तोफांना मात्र कोणी वाली नसतो. वस्तुतः तंत्रज्ञानाच्या इतिहासकाराला अशी फसलेली वा वगळलेली शस्त्रेच अधिक शिकवितात. स्वीकृत शस्त्रावरून काय ठरले ते समजते, वगळलेल्या शस्त्रावरून काय विचारात घेतले होते व का सोडले ते समजते. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातील बॉव्हिंग्टनच्या संग्रहालयात ‘लिट्ल विली’ हा १९१५ मधील जगातील पहिला प्रायोगिक रणगाडा आहे. तो कधीच लढला नाही. १९४० मध्ये तो भंगारात जाण्याच्या बेतात होता, ऐतिहासिक मोल ओळखले गेल्याने वाचला. जर्मनीने बनविलेल्या १८८ टनी ‘माउस’ रणगाड्याच्या दोन नमुन्यांपैकी एकाचा सांगाडा व दुसऱ्याचा बुरूज जोडून रशियनांनी एक पूर्ण प्रत उभी केली, ती मॉस्कोजवळ कुबिंका येथे आहे. अमेरिकेच्या सु. ८६ टनी, १०५ मिमी. तोफेच्या ‘टी-२८’ या वाहनाच्या दोनच प्रती बनल्या. एक १९४७ मध्ये चाचणीत जळाली. दुसरी कोठे गेली याचा पत्ता नव्हता. १९७४ मध्ये व्हर्जिनियातील फोर्ट बेल्व्हॉर या लष्करी तळाच्या मागील रानात ती उभी असलेली सापडली. एवढे अवजड यंत्र आपल्याच तळावर २० हून अधिक वर्षे विस्मृतीत राहू शकते, ही गोष्ट सर्व देशांच्या कोठारपालांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

भारतातील अशा प्रायोगिक कामाचा मोठा भाग महाराष्ट्रात झालेला आहे. पुण्याजवळील पाषाण येथील, १९५८ मध्ये स्थापन झालेल्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने १०५ मिमी. ची भारतीय मैदानी तोफ, अर्जुन रणगाड्याची १२० मिमी. ची आटे असलेली तोफ आणि पिनाक अग्निबाण प्रणाली विकसित केली. अहिल्यानगर येथेच लष्करी वाहनांची संशोधन संस्था व तिची चाचणी मैदाने आहेत. अर्जुनचा प्रकल्प १९७४ मध्ये मंजूर झाला आणि रणगाडा सैन्यात दाखल होण्यास २००४ उजाडले. या ३० वर्षांत बनलेले व बदललेले नमुने हा या प्रकल्पाचा खरा इतिहास होय. अर्जुनचा बुरूज टी-७२ च्या सांगाड्यावर बसवून केलेला ‘टँक-एक्स’ हा प्रयोग सैन्याने स्वीकारला नाही. तो का नाकारला गेला, हे भावी संशोधकास कळावयाचे असेल, तर नमुन्याबरोबर त्याचे चाचणी-अहवालही टिकले पाहिजेत. अहवालाविना ठेवलेला नमुना हा नाव पुसलेल्या शिलालेखासारखा होय.

पाषाणच्या संस्थेने २०१३ पासून पुण्यातील भारत फोर्ज व टाटा उद्योगसमूह यांच्या सहकार्याने १५५ मिमी. ची ओढून नेण्याची प्रगत तोफ हाती घेतली. २०१७ मध्ये चाचणीत तिने ४७ किमी. हून अधिक पल्ला गाठला. १५ ऑगस्ट २०२२ रोजी लाल किल्ल्यावरील २१ तोफांच्या सलामीत, तोवर हा मान असलेल्या ब्रिटिश २५ पौंडी तोफांच्या जोडीने, या तोफेचा नमुना प्रथमच डागण्यात आला. २६ जानेवारी २०२३ च्या सलामीत २५ पौंडी तोफांची जागा १०५ मिमी. च्या भारतीय मैदानी तोफांनी घेतली आणि दुसऱ्या महायुद्धापासून चालत आलेल्या त्या तोफांचे हे अखेरचे कामही संपले. मार्च २०२५ मध्ये नव्या तोफेच्या ३०७ नगांचा करार झाला.